पाचशे रुपयांचा अर्धा तास

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी पडद्यावर आला. त्याच्याविषयी जे लिहिलं-बोललं गेलं ते बहुतेक वस्तीविषयी, जातीविषयी, कॉलेजचं मैदान आणि झोपडपट्टी यांच्यामधल्या त्या भिंतीविषयी होतं. ते रास्तच होतं. पण जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटात मुलांना फुटबॉल शिकवण्याचा एक अस्सल पाठही आहे, आणि त्याच्याकडे मैदानावरच्या माणसांनी म्हणावं तसं पाहिलेलं नाही. संध्याकाळी इचलकरंजीत मैदानाच्या कडेला उभं राहून पोरांचा सराव बघायची मला जुनी सवय आहे. त्या नजरेनं ‘झुंड’ पुन्हा बघितला, तेव्हा विजय बोराडे हा माणूस मला नायकापेक्षा प्रशिक्षक म्हणून अधिक भावला.

सुरुवातीचा तो प्रसंग आठवा. पाऊस कोसळतोय, वस्तीतली पोरं प्लॅस्टिकचा एक डबा लाथाडत खेळताहेत आणि निवृत्तीला आलेला क्रीडाशिक्षक ते बघत थांबलाय. तो पुढं होऊन काही सांगत नाही, नावं विचारत नाही, पोरांना थांबवत तर नाहीच. बोराडे साकारणाऱ्या अमिताभ बच्चन यांचा आवाज म्हणजे हिंदी सिनेमाचं केवढं भांडवल. मंजुळे यांनी ते इथं वापरलेलंच नाही. बोराडे नुसता बघतो, आणि त्याला काय दिसत असेल हे खेळ जाणणाऱ्याला लगेच कळतं. डबा गोल नसतो. तो कुठं उडेल, कुणाच्या पायाशी येईल याचा नेम नसतो. अशा वस्तूवर ताबा ठेवणाऱ्या पोराची नजर आणि घोटा दोन्ही जागे असतात. शिकवायला सुरुवात करण्याआधी मुलांना आधीपासून काय येतं ते बघणारा शिक्षक पडद्यावर फार क्वचित दिसतो, मैदानावर त्याहून क्वचित. या प्रसंगाला खऱ्या आयुष्याचा आधार आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली भर पावसात फुटकी बादली लाथाडणारी मुलं पाहिली आणि तिथून त्यांचं झोपडपट्टी फुटबॉलचं काम उभं राहिलं. बोराडे हे पात्र त्यांच्यावरूनच घेतलेलं आहे.

पुढं येते ती पाचशे रुपयांची गोष्ट. बोराडे चेंडू घेऊन वस्तीत येतो आणि पोरांना म्हणतो, अर्धा तास खेळा, पाचशे रुपये देतो. पोरं खेळतात, पैसे घेतात. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या दिवशीही तेच. मग एके दिवशी तो सांगतो, आज पैसे नाहीत. पोरं चिडतात, पण आता त्यांना चेंडू हवा असतो. पैशाविना खेळ सुरू होतो.

पहिल्यांदा पाहताना ही चतुर पटकथा वाटते. मला मात्र तिनं बराच काळ छळलं, कारण मुलांविषयी जे अभ्यास झालेत ते नेमकं उलटं सांगतात. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी ती मुलं, बक्षिसाची गोष्टही न ऐकलेल्या मुलांच्या मानानं, मोकळ्या वेळात निम्माच वेळ चित्रं काढू लागली. बक्षीस आलं आणि आवड गेली. मग बोराडेच्या पोरांची आवड पैशांनी का मेली नाही?

मला वाटतं, उत्तर त्या प्रसंगातच आहे, आणि तिथं मंजुळे यांची खरी ताकद दिसते. बोराडे पैसे कशाचे देतो ते नीट पाहा. गोल मारल्याचे देत नाही, जिंकल्याचे देत नाही, चांगलं खेळणाऱ्याला जास्त आणि वाईट खेळणाऱ्याला कमी असंही करत नाही. तो अर्ध्या तासाचे पैसे देतो. एरवी हा अर्धा तास नशेत, चोरीत, कुणाच्या तरी मागं धावण्यात जाणार असतो. बोराडे तो विकत घेतो आणि त्यात काय करायचं ते पोरांवर सोडतो. खेळाला त्यानं किंमत लावलेलीच नाही. म्हणून पैसे थांबले तेव्हा खेळ जसाच्या तसा शिल्लक राहिला. आपल्याकडं आंतरशालेय स्पर्धांच्या दिवसांत ‘एका गोलला शंभर रुपये’ असं कबूल करणारे हौशी पालक आणि कार्यकर्ते असतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तो शंभरचा आकडा ऐकलेला पोरगा पुढं मोकळा साथीदार दिसत असूनही पास देत नाही. अवघड कोनातून स्वतःच मारतो. त्याला दोष कसा द्यायचा?

आणि त्या प्रसंगातला सगळ्यात मोठा गुण म्हणजे बोराडे दुसऱ्या दिवशी येतो. मग तिसऱ्याही. मुलांना खेळाकडे आणण्याचे मोठमोठे सोहळे आपण पाहिलेत. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, महाराष्ट्रात एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावं असा उपक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू गेले, मैदानं पोरांनी फुलली. त्या दिवशी ज्या मुलाच्या पायाला पहिल्यांदा खरा चेंडू लागला, त्याचा आनंद खराच होता. पण १६ सप्टेंबरला त्याच वेळी, त्याच मैदानावर, चेंडू घेऊन कोण उभं होतं, यावर सगळं अवलंबून असतं. लहान मुलांचा प्रशिक्षक किती चांगला, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: त्याच्याकडे आलेलं पोर उद्या पुन्हा येतं का? चषक, पदकं, निवड झालेल्या मुलांची यादी हे सगळं त्यानंतर.

आमच्या गावात हा प्रश्न जरा जास्तच कठीण आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून गाव पाळ्यांवर चालतं. बाप रातपाळीला, आई घरी शिलाईला किंवा कांड्या भरायला, पोर शाळेतून आलं की धाकट्याला सांभाळायला. त्यात अनेक घरं उत्तर प्रदेश-बिहारातून, कर्नाटकातून आलेली. अशा घरचा मुलगा संध्याकाळी साडेपाचला मैदानावर आला, तर तो किती गोष्टी मागं टाकून आलाय हे प्रशिक्षकाला ठाऊक हवं. उशिरा आल्याबद्दल त्याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावणं म्हणजे उद्या येऊ नकोस असं सांगणंच.

‘झुंड’मध्ये प्रत्यक्ष डावपेच शिकवण्याला फार थोडी जागा आहे. कुणी फळ्यावर बाण काढत बसत नाही. फुटबॉलची जाण असलेल्या काहींना ही उणीव वाटली. मला ती चित्रपटाची समज वाटते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला खेळायला चेंडू, पुरेशी जागा आणि आपल्याकडं बघणारं शहाणं माणूस एवढं मिळालं, की निम्मं शिक्षण आपोआप होतं. पण बघणं म्हणजे काय, हे समजायला हवं. आमच्याकडं मागांची देखभाल करणारा जॉबर शेडमध्ये शिरताच आवाजावरून सांगतो, की त्या कोपऱ्यातला तिसरा माग बिघडतोय. चालू मागाला तो हात लावत नाही. चांगला प्रशिक्षक असाच खेळ थांबवत नाही.

मध्यंतरी इथल्या एका सरावात पाहिलेली गोष्ट सांगतो. अकरा-बारा वर्षांची पोरं, चार विरुद्ध चार, प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे गोलपोस्ट. उजव्या बाजूचा एक काटकुळा मुलगा चेंडू मिळाला की मान खाली घालून सरळ पळायचा आणि दर वेळी समोरच्या पोराच्या पायावर आदळायचा. कडेला उभे असलेले त्याचे नातेवाईक ओरडत होते, ‘‘आरं दे की तिकडं! दे की रं!’’ प्रशिक्षक गप्प. चार वेळा तेच झालं, तरी गप्प. पाणी प्यायला सगळे थांबले तेव्हा त्यानं त्या मुलाजवळ उकिडवं बसून एवढंच विचारलं, ‘‘चेंडू यायच्या आधी तुला डावीकडं कोण दिसत होतं?’’ मुलगा विचारात पडला. मग म्हणाला, ‘‘बघितलंच न्हाई सर.’’ प्रशिक्षक म्हणाला, ‘‘बरं,’’ आणि उठला. पुढच्या डावात चेंडू यायच्या आधी त्या पोराची मान दोनदा वळली. पास त्यानं चुकीचाच दिला. पण मान वळली. प्रशिक्षकानं लांबून अंगठा दाखवला. चुकीच्या पासचं कौतुक होतंय हे बघून कडेचे लोक गोंधळले. मला तो अंगठा त्या संध्याकाळचा सगळ्यात देखणा क्षण वाटला. कौतुक कशाचं करायचं याची निवड त्यात होती: परिणामाचं नव्हे, शिकलेल्या गोष्टीचं.

या सरावात आणखी एक शहाणपण होतं, ते चार विरुद्ध चारचं. आपल्याकडं मुलांना हौसेनं थेट मोठ्या मैदानावर, अकरा विरुद्ध अकरा उतरवतात. शंभर मीटरच्या त्या पटांगणात चेंडू दोन-तीन दांडग्या पोरांतच फिरतो. टोकाचा लहानखुरा मुलगा तासाभरात पाच-सहा वेळा चेंडूला शिवतो आणि गोलकीपर तर थंडीत हात चोळत उभा. मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत या शतकाच्या सुरुवातीला चार विरुद्ध चार आणि आठ विरुद्ध आठ अशा सामन्यांची मोजदाद करून तुलना केली, तेव्हा लहान डावात पास १३५ टक्क्यांनी, समोरासमोरच्या झटापटी २२५ टक्क्यांनी आणि गोल ५०० टक्क्यांनी जास्त भरले. इंग्लंडमध्ये त्यानंतर दहा वर्षांखालच्यांना सात, बारा वर्षांखालच्यांना नऊ खेळाडूंचेच संघ असा नियम आला. चेंडूचंही तसंच. पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा. तो चौदा वर्षांपुढच्यांसाठी. त्याखालच्यांना चार नंबरचा, आणखी लहानांना तीन नंबरचा. नऊ वर्षांच्या पोराला पाच नंबरचा चेंडू दिला की ते बोटांनी कोचून मारायला शिकतं, आणि ती खोड मोडायला पुढं वर्षं लागतात. योगायोग असा, की बारसे यांची मुलं ज्या बेघरांच्या विश्वचषकात खेळायला गेली, त्यातही एका संघाचे चारच खेळाडू मैदानावर असतात. मैदान २२ बाय १६ मीटर, अर्ध सात मिनिटांचं. वस्तीच्या बोळात डबा लाथाडून घडलेल्या पायांना हा खेळ सोयीचा होता यात नवल नाही.

बोराडेच्या घरातला प्रसंग मला या चित्रपटाचा गाभा वाटतो. पोरं त्याच्या घरी जमतात आणि एकेक जण आपल्याविषयी बोलू लागतो. आधी खिदळतात, एकमेकांना टोमणे मारतात, आणि मग कुणीतरी खरं बोलतं. मंजुळे यांनी ही पोरं नागपूरच्या रस्त्यांवरूनच निवडली आहेत. त्यांच्या तोंडची भाषा लिहिलेली वाटत नाही. पण मी बघत होतो ते ऐकणाऱ्याकडं. बोराडे मधे पडून धीर देत नाही, तात्पर्य काढत नाही. पोरानं जेवढं सांगितलं तेवढं घेतो. ज्या मुलाचं कुणी कधी पूर्ण ऐकून घेतलेलं नाही, त्याला ‘तू चुकतोयस’ हे सांगण्याचा अधिकार कुठून येतो, हे या प्रसंगातून समजतं. तो अधिकार शिट्टीतून येत नाही. मैदानावरच्या कडक शिस्तीचे गोडवे गाणाऱ्या माझ्या मित्रांना मी हा प्रसंग पुन्हा बघायला सांगतो. शिस्त बोराडेकडंही आहेच. फक्त ती ओळखीनंतर येते.

कॉलेजच्या संघाशी होणारा सामना मात्र मला पूर्ण पटत नाही. पडद्यावर तो रंगतो, वस्ती लोटते, हशा पिकतो. पण रीतसर सराव केलेल्या संघाला ही पोरं हरवतात तिथं पटकथा घाई करते असं वाटतं. पोरं सामना हरली असती, आणि तरी दुसऱ्या दिवशी सगळी मैदानावर आली असती, तर बोराडेचं काम अधिक उजळून दिसलं असतं. खेळावरच्या सिनेमांना विजयाचा मोह टाळता येत नाही. तोच मोह मुलांच्या प्रशिक्षकाला पडतो, तेव्हा नुकसान खरं असतं. बारा वर्षांखालच्या स्पर्धेत अंतिम सामना आहे म्हणून सहा मुलांना बाकावर बसवून ठेवलं, त्यांतली तीन पुढच्या हंगामात आलीच नाहीत, असं घडताना आपण सगळे पाहतो. आणि बाकावर बसतात ती बहुधा वर्षाच्या शेवटी जन्मलेली, म्हणजे आपल्याच गटात दहा-अकरा महिन्यांनी लहान असलेली पोरं. गटात त्यांची उंची कमी, म्हणून खेळ कमी, म्हणून प्रगती कमी. प्रशिक्षकाला वयाचा हा खेळ कळला नाही, तर तो गुण ओळखल्याच्या समाधानात फक्त उंची निवडत राहतो.

आमच्यापासून तीसेक किलोमीटरवर कोल्हापूर. तिथल्या फुटबॉलचं वेड महाराष्ट्रात दुसरीकडं नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. कुस्तीच्या तालमीनं फुटबॉलचा संघ पोसावा, ही या मातीची दानत आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण मोठ्यांच्या सामन्यातली ईर्ष्या जशीच्या तशी दहा वर्षांच्या पोरांच्या सामन्याला आणली, की पोराला चुकायची भीती वाटू लागते, आणि चुकायला भ्यालेलं पोर चेंडू मिळताच लांब फेकून देतं. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषक संघात खेळला. रिक्षाचालकाचा हा मुलगा लहान वयातच पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला आणि तिथं घडला. पेठेनं त्याला वेड दिलं, प्रबोधिनीनं वर्षानुवर्षांचा रोजचा सराव दिला. दोन्ही लागतं. पहिलं आपल्याकडं मुबलक आहे.

‘झुंड’च्या उत्तरार्धात फुटबॉल मागं पडतो आणि कागदपत्रं पुढं येतात, म्हणून तो रेंगाळतो अशी तक्रार झाली. मी उलट म्हणेन. परदेशातल्या स्पर्धेसाठी पासपोर्ट हवा. रिंकू राजगुरू यांनी साकारलेली मोनिका आणि तिचा बाप आपण कोण आहोत याचा पुरावा शोधत वणवण फिरतात. ज्यानं ज्यानं गावाकडून संघ नेलाय त्याला हा भाग कापावासा वाटणार नाही. आमच्याकडंही स्पर्धेचा निम्मा जीव जन्मदाखल्यात जातो. पोर जन्मलं उत्तर प्रदेशातल्या कुठल्याशा गावी, आधारवर १ जानेवारी ही तारीख, शाळेत दुसरीच, आणि बोनाफाईडवर मुख्याध्यापकांची सही हवी आजच्या आज. प्रशिक्षक एका हातात पोरांचे बूट आणि दुसऱ्या हातात फाईल घेऊन फिरतो. त्यातच त्याची कसोटी असते, कारण हेच कागद वाकवून पंधराचा मुलगा तेराचा करता येतो आणि स्पर्धा जिंकता येते. अशा चोरीत नुकसान फक्त विरोधी संघाचं होत नाही. स्वतःच्याच संघातल्या खऱ्या तेरा वर्षांच्या मुलाची जागा जाते, आणि वय लपवलेल्या पोराचं खोटं पुढं कुठल्यातरी शिबिरात मनगटाच्या एक्स-रेत उघडं पडतं. कागद न वाकवता ते मिळवत राहणारा प्रशिक्षक मला डावपेचांच्या पंडितापेक्षा मोठा वाटतो. बोराडे कोर्टात उभा राहून पोरांची बाजू मांडतो, ते भाषण मला थोडं लांबलं असं वाटलं. पण तो कोर्टापर्यंत गेला, हे प्रशिक्षकाच्या कामातच बसतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चित्रपटातला डॉन, म्हणजे अंकुश, कुणावरून घेतला असं विचारलं की अखिलेश पॉल यांचं नाव निघतं. गुन्हेगारीच्या वाटेवर लागलेला हा नागपूरचा मुलगा बारसे यांच्याकडं खेळू लागला, २०१० साली रिओतल्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. त्यापुढची गोष्ट चित्रपटात नाही, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ते पुढं स्वतः मुलांना शिकवू लागले. विजय बारसे यांचे पुत्र अभिजित अमेरिकेतून परतून त्याच कामात आले. बारसे यांच्या संस्थेत खेळलेली अनेक मुलं-मुली आज तिथंच प्रशिक्षक आहेत. इचलकरंजीतही मी अलीकडे हे बघतो आहे. चार विरुद्ध चारच्या त्या सरावाला बाटल्या मांडायला, चेंडूत हवा भरायला, लहानांचे दोन संघ पाडायला सतरा-अठरा वर्षांची तीन पोरं येतात, त्यांच्याबरोबर एक मुलगीही. आधीच्या वर्षांत ही सगळीच लहानांच्या रांगेत होती. सरांना पाळीमुळं यायला जमलं नाही, त्या संध्याकाळी त्या मुलीनं एकटीनं सराव घेतला. खेळ थांबवायचा मोह तिला होत होता. दोनदा शिट्टी ओठांपर्यंत गेली आणि दोन्ही वेळा तिनं ती खाली घेतली.